लांबचा पैसा, जवळची नदी

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीच्या मारुती चौकात बोटी फिरत होत्या आणि त्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लोक टँकरची वाट बघत होते. दोन्हींतलं अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता सगळं पाण्याखाली. अशा दिवसांत जिनिव्हा, लंडन किंवा न्यूयॉर्कला मदतसंस्थेच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ‘सांगली’ म्हटलं की पडद्यावर पूर दिसतो. पैसाही पुराकडेच जातो. जतच्या वाडीवरची बाई कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून तिची रिकामी घागर कुणाच्या अंदाजपत्रकातही येत नाही.

आंतरराष्ट्रीय मदतसंस्था चालवायची इच्छा असणाऱ्या प्रत्येकाने या पंधरवड्याचा नीट अभ्यास करावा. अशा संस्थेत पैसा लांबून येतो आणि त्याच्यासोबत देणाऱ्याची घाई, त्याच्या अटी आणि त्याच्या डोळ्यांपुढचं चित्रही येतं. गरज मात्र भिलवडीत असते, आंबेघरला असते, म्हसवडला असते. लांबच्या पैशाला जवळच्या माणसाचं ऐकायला लावणं हेच संस्थाप्रमुखाचं मुख्य काम. निधी उभारणं, भाषणं, परिषदा यांची जागा त्यानंतरची. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या कामाची शाळाच आहेत. भूकंप, पूर, दरड, दुष्काळ, साथ यांतलं काहीही इथे पुस्तकात वाचावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, तेव्हापासून पाटण तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना मदतीचे ट्रक कसे येतात आणि कधी यायचे थांबतात, हे पक्कं ठाऊक आहे.

पहिली गोष्ट हद्दीची. भारतात आपत्तीच्या काळात जिल्ह्याचा ताबा कोणाकडे असतो, याबद्दल बाहेरून आलेल्या संस्थांचा नेहमी गोंधळ होतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. २००४ च्या त्सुनामीपासून भारत सरकारने परदेशी सरकारांची आपत्कालीन मदत साधारणपणे नाकारण्याचं धोरण ठेवलं आहे. २०१८ च्या केरळच्या पुरातही तेच दिसलं. म्हणजे परदेशी संस्थेचा प्रमुख कितीही मोठा असला, तरी सांगलीत तो जिल्हाधिकाऱ्यांच्या आराखड्यातला एक हात असतो. ज्यांना हे मानवत नाही, त्यांनी या क्षेत्रात येऊ नये. ज्यांना मानवतं, त्यांनी पूर येईपर्यंत थांबू नये. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात. त्या बैठकीत आपली माणसं किती, बोटी किती, पाणी शुद्ध करायची सोय काय, कोणती गावं आपण घेऊ शकतो, हे लेखी देऊन ठेवावं. ऑगस्टमध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दारात बॅनर लावलेली गाडी घेऊन उभ्या राहणाऱ्या संस्थेपेक्षा मेमध्ये एक पान देऊन गेलेल्या संस्थेला काम नेमून देणं प्रशासनाला कितीतरी सोपं जातं.

नदी वाचता येणं हाही नेतृत्वाचाच भाग आहे. सांगलीचा पूर सांगलीत जन्मत नाही. महाबळेश्वर आणि नवजाचा पाऊस, कोयना, धोम, कण्हेर या धरणांतला विसर्ग, चांदोलीतून वारणेत सोडलेलं पाणी, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयनेची कृष्णेशी होणारी भेट, हरिपूरला येऊन मिळणारी वारणा आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टीची स्थिती, एवढ्या गोष्टी मिळून आयर्विन पुलाचा आकडा ठरतो. हे सगळे आकडे पावसाळ्यात रोज जाहीर होतात. संस्थेच्या कार्यालयात ते रोज एका फळ्यावर लिहिणारा एक माणूस नेमला, तर पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला पोचायच्या आधीच गाड्यांत डिझेल भरलेलं असतं. २१-२२ जुलै २०२१ ला पाऊस असाच कोसळला. पुढे सांगलीत पाणी ५४ फुटांच्या वर गेलं. पण त्या वेळी पहिला घाव सातारा जिल्ह्यात बसला होता. २२ जुलैच्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या आणि रस्ते तुटल्यामुळे बचाव पथकांना तिथवर पोचायलाच वेळ लागला. डोंगरातल्या आपत्तीत पहिले काही तास बाहेरचं कोणीच येत नाही. म्हणून या भागात काम करणाऱ्या संस्थेने शहरातल्या गोदामात सामान साठवून समाधान मानू नये. दोरखंड, बॅटऱ्या, स्ट्रेचर, प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारी चार माणसं वाडीतच असायला हवीत.

ब्रह्मनाळचं नाव इथे घ्यावंच लागतं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या या गावात पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं बुडाली. बायका आणि लहान मुलं त्यांत होती. बोट गावाचीच होती, चालवणारे गावचेच होते, मदत मनापासून चालली होती. या घटनेपासून शिकायचं असेल तर दोष शोधण्यापेक्षा नियम करावा. बोटीवर किती माणसं बसतील, हा आकडा बोटीवर रंगवलेला असावा. लाइफ जॅकेट जितकी, माणसं तितकीच. काठावर मोजणारा आणि बोटीत चालवणारा ही दोन वेगळी माणसं असावीत, कारण पाण्यातून हात पसरलेल्या बाईला ‘पुढच्या फेरीला’ असं सांगणं चालवणाऱ्याला जमत नाही. प्रमुखाने हा नियम पाणी नसताना करायचा आणि तो मोडायचा अधिकार स्वतःकडेही ठेवायचा नाही.

कोणती मदत द्यायची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. ‘गूंज’ संस्थेने ते कपडे गोळा करून, निवडून, त्यांतून वापरण्यासारख्या वस्तू बनवल्या. कोळ्यांच्या बायकांना उत्तर भारतातल्या लोकरी कपड्यांचं काय करायचं, असा प्रश्न पाठवणाऱ्यांना पडला नव्हता. पूर ओसरल्यावर सांगलीतल्या घराला लागतं ते वेगळंच: फावडं, खराटा, जंतुनाशक, चिखल ओढायला मोटर, कोरडी गादी, मुलांची दप्तरं, गॅसची शेगडी, भिजलेल्या रेशनकार्डाची आणि सातबाऱ्याची नवी प्रत. ही यादी कार्यालयात बसून होत नाही. ती गावात विचारून करावी, आणि बायकांना वेगळं बसवून विचारावी. गावच्या बैठकीत पुरुष शेतीपंपाचं नाव आधी घेतात. संडास आणि सॅनिटरी पॅड यांचं नाव बायका एकट्या असतील तरच निघतं.

माणदेशातलं एक उदाहरण या बाबतीत फार मोलाचं आहे. म्हसवडला चेतना सिन्हांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. संस्थापक बायका अंगठेबहाद्दर म्हणून परवानगीचा पहिला अर्ज फेटाळला गेला, तेव्हा त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात याच बँकेत एक बाई चाऱ्यासाठी दागिने गहाण ठेवायला आली. बँक म्हणून कर्ज देऊन विषय संपवता आला असता. पण गरज कर्जाची नव्हती, चारा-पाण्याची होती, हे त्या एका प्रसंगातून कळलं आणि माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी उघडली. ती वर्षाहून अधिक काळ चालली. हजारो जनावरं आणि त्यांच्यासोबत त्यांची माणसं तिथे राहिली. माण-खटावच्या माणसाला जनावर विकायला लागणं म्हणजे पुढची पाच वर्षं विकणं, हे परदेशातल्या कोणत्याही अन्नमदतीच्या नमुना तक्त्यात लिहिलेलं नसतं. तक्त्यात माणसांची भूक मोजतात. इथे आधी बैलाची आणि गाईची भूक मोजावी लागते.

कामाच्या बदल्यात मदत, ही कल्पनाही या मातीला नवी नाही. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो हातांना काम दिलं आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हात पसरायला न लावता माणूस जगवता येतो, हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे. मदतसंस्थेच्या प्रमुखाने आपल्या योजनांत शक्य तिथे मजुरी द्यावी: गाळ काढण्याची, शाळा धुण्याची, तात्पुरते संडास बांधण्याची. बाहेरून मजूर आणून गाव स्वच्छ करणारी संस्था गावातल्या रिकाम्या हातांचा अपमान करते.

सामान पोचवण्याचं शास्त्र शिकायचं असेल, तर मिरज स्थानकाचा एप्रिल २०१६ अभ्यासावा. लातूर शहर पाण्यावाचून कोरडं पडलं होतं. मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी पाठवायचं ठरलं. कृष्णेत पाणी होतं, पण ते लातूरच्या नळात पोचवायला किती गोष्टी लागल्या! तेल वाहणारे टँकर वॅगन राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन आणले. मिरजेत जलवाहिनी टाकून वॅगन भरायची सोय केली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासासाठी मार्ग मोकळा ठेवला. लातूरला उतरवलेलं पाणी साठवायला विहीर वापरली आणि तिथून शुद्धीकरण केंद्रापर्यंत नळ जोडला. ११ एप्रिलला निघालेल्या पहिल्या गाडीत दहाच वॅगन होते, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वॅगनची गाडी धावू लागली. पन्नास वॅगन भरायची सोय पूर्ण होईपर्यंत थांबायचं, की दहा वॅगन घेऊन निघायचं? तहानलेल्या शहरासाठी दहा वॅगन घेऊन निघणं बरोबर होतं. अपुऱ्या तयारीनिशी निघावं कधी आणि थांबावं कधी, हा निर्णय प्रमुखाला दर आपत्तीत घ्यावा लागतो. साधा निकष असा ठेवावा: अर्धी मदत पोचल्याने जीव वाचत असेल तर निघावं, अर्ध्या मदतीने कुणाचा जीव धोक्यात येत असेल तर थांबावं. दहा वॅगन पाणी पहिल्या प्रकारातलं. लाइफ जॅकेट नसलेली बोट दुसऱ्यातली.

जगभरच्या संस्थांनी मिळून किमान मानकं ठरवली आहेत, त्यांना ‘स्फिअर’ म्हणतात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे एक संडास. मंगल कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत पूरग्रस्तांना ठेवताना हे आकडे खिशात असावेत. शाळेच्या एका खोलीत किती कुटुंबं कोंबली, याचा अंदाज डोळ्याने चुकतो, मोजपट्टीने चुकत नाही.

आता पैसा. या क्षेत्रातल्या सर्वांत जास्त संस्था पुरात नाही, कागदात बुडतात.

परदेशी पैसा घ्यायचा तर विदेशी अंशदान नियमन कायदा, म्हणजे सगळे ज्याला एफसीआरए म्हणतात, तो पाठ असावा लागतो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं काम करत असावी आणि त्या काळात तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. हे जमत नसेल तर ठरावीक दात्याकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते. नोंदणी पाच वर्षांची असते. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत भरावं लागतं. २०२० च्या दुरुस्तीने दोन मोठे बदल केले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि परदेशी निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद झालं. पूर्वी मुंबई-दिल्लीतली मोठी संस्था परदेशातून पैसा आणून जत किंवा पाटणमधल्या लहान संस्थेला देत असे. ती वाट राहिली नाही. म्हणून आज प्रमुखापुढे पर्याय मोजके आहेत: गावात स्वतःचे कार्यकर्ते नेमून थेट काम करणं, लहान संस्थेला स्वतःची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी मिळवायला हात देणं, आणि भागीदार संस्थांसाठी देशातला निधी वेगळा उभा करणं. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आणि गावोगावच्या देणग्या या तिसऱ्या वाटेवर येतात.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनाही इथे सावध करायला हवं. सांगलीचा पूर टीव्हीवर दिसला की अमेरिकेत, दुबईत, लंडनमध्ये मराठी माणसं वर्गणी काढतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण भारतीय पारपत्र असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या त्याच्याच चुलत भावाने पाठवलेले पैसे कायद्यापुढे वेगळे आहेत. दुसऱ्याचे पैसे परदेशी अंशदान ठरतात. तो भाऊ सांगलीवाडीत जन्मला असला तरी ठरतात. वर्गणी एकत्र करून एका खात्यातून पाठवण्याआधी इथल्या संस्थेची नोंदणी तपासावी, नाहीतर चांगल्या मनाने पाठवलेला पैसा त्या संस्थेलाच अडचणीत आणतो. धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज, लेखापरीक्षण, विश्वस्त मंडळाच्या सभांची इतिवृत्तं या बाबी कंटाळवाण्या वाटतात. पण दिल्लीहून विचारणा येते तेव्हा पहिल्यांदा हेच कागद मागतात.

कायद्यापेक्षा अवघड असते अट. सांगलीतल्या ‘संग्राम’ संस्थेपुढे ती कशी उभी राहिली, हे प्रत्येक भावी संस्थाप्रमुखाने वाचावं. मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पासून सांगलीत वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत एचआयव्ही रोखण्याचं काम सुरू केलं. कामाची सूत्रं बायकांच्याच हाती गेली, १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. पुढे अमेरिकेने २००३ च्या कायद्याने एक अट घातली की अमेरिकी एड्स निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाविरोधात लेखी भूमिका घ्यावी. ‘संग्राम’साठी याचा अर्थ ज्या बायकांच्या बळावर काम उभं होतं, त्यांच्याच विरोधात सही करणं असा होता. २००५ मध्ये संस्थेने सही नाकारली आणि अमेरिकी पैसा सोडला. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट अमेरिकी संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. २०२० मध्ये मात्र परदेशी संस्थांना हे संरक्षण नाही, असंही सांगितलं. म्हणजे सांगलीतल्या संस्थेला न्यायालयाने वाचवलं नसतंच. तिने स्वतः ठरवलं, आणि ठरवता आलं याला कारण होतं: काम पैशाआधी उभं होतं.

त्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. कोणत्याही एका दात्याचा वाटा एवढा वाढू देऊ नये की तो गेल्यावर संस्था बंद पडेल. किमान काही महिन्यांचे पगार निघतील इतका राखीव निधी, तोही अटींशिवाय आलेल्या पैशातून, बाजूला ठेवावा. ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्या राखीव निधीतूनच येते. मदतीच्या पाकिटावर कोणाचं नाव, कोणाचा फोटो छापायचा, याबद्दलही हीच कणखरता लागते. २०१९ च्या पुरात पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रं छापल्यावरून राज्यभर संताप उठला होता. रेडक्रॉस आणि इतर मोठ्या संस्थांनी १९९४ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत मदत कोणत्याही राजकीय किंवा धार्मिक प्रचारासाठी वापरू नये, असं स्पष्ट आहे. दात्यासोबतच्या करारातच हे कलम असू द्यावं.

मोठा पैसा मिळाला की मोठं काम होतं, हाही भ्रम सोडावा. १२ जानेवारी २०१० च्या हैती भूकंपानंतर अमेरिकन रेडक्रॉसला सुमारे ५० कोटी डॉलर मिळाले. २०१५ मध्ये अमेरिकी पत्रकारांच्या शोधवृत्ताने दाखवलं की कायमची घरं सहाच बांधली गेली होती. संस्थेचं म्हणणं असं की तात्पुरते निवारे, दुरुस्ती, भाडं अशा मार्गांनी लाखाहून अधिक लोकांना मदत झाली. दोन्ही बाजू वाचल्यावरही जमिनीच्या मालकीचा गुंता आणि स्थानिक माणसं निर्णयाच्या जागांवर नसणं, ही कारणं राहतातच. आंबेघरसारख्या दरडग्रस्त वाड्यांचं पुनर्वसन करताना याच गाठी समोर येतात: जागा कोणाची, वनखात्याची की गायरानाची, पाणी कुठून, शेती किती लांब. घराचा नकाशा काढण्याआधी तलाठ्याकडे बसून सातबारा वाचणारा माणूस संस्थेत असावा.

पंचनाम्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथे होतो. पुरानंतर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक घरोघर फिरतात आणि यादी होते. ज्याच्या नावावर घर, त्याचं नाव यादीत. भाडेकरू, भावाच्या खोलीत राहणारी विधवा, गायरानात झोपडी असलेलं पारधी किंवा घिसाडी कुटुंब, नदीकाठच्या वस्तीतले मजूर यांच्याकडे कागदच नसतो. सरकारी यादी हातात घेऊन तीच मदत पुन्हा वाटणं सोपं असतं, लेखापरीक्षकालाही आवडतं. पण संस्थेची खरी गरज यादीच्या बाहेर आहे. म्हणून आधी सरकारी यादी मागून घ्यावी, मग गावात फिरून तिच्यात नसलेल्यांची दुसरी यादी करावी, आणि आपली मदत दुसऱ्या यादीपासून सुरू करावी. कोणत्या वस्तीत बोट शेवटी गेली, पाण्याचा टँकर कोणत्या गल्लीत थांबलाच नाही, हेही लिहून ठेवावं. जात गावातून पुरातसुद्धा वाहून जात नाही.

संस्थेच्या आतला धोका बाहेरच्या पुरापेक्षा कमी नसतो. हैतीत काम करणाऱ्या ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांचं २०११ मधलं लैंगिक गैरवर्तन लंडनच्या ‘टाइम्स’ने २०१८ मध्ये उघड केलं. उपप्रमुखांनी राजीनामा दिला आणि हैतीने संस्थेच्या ब्रिटिश शाखेला काम करायला बंदी घातली. मदत वाटणाऱ्याच्या हातात सत्ता असते: धान्याचं कूपन, तंबूची जागा, यादीतलं नाव. ज्या बाईला ते हवं आहे, ती तक्रार सहज करत नाही. भारतात दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानेच सक्तीची आहे. पण प्रत्यक्षात तिच्यापर्यंत मुख्यतः कर्मचारीच पोचतात. छावणीतल्या बाईसाठी वेगळी सोय लागते: संस्थेबाहेरच्या एखाद्या विश्वासू शिक्षिकेचा किंवा आशाताईचा नंबर, मराठीत लिहिलेला, संडासाच्या दारावर चिकटवलेला. रात्री एकट्या पुरुष कर्मचाऱ्याने तंबूंत फिरू नये, हा नियम प्रमुखाने स्वतः पाळून दाखवावा.

नेतृत्व कोणाला द्यायचं, या प्रश्नाचं उत्तर किल्लारीने दिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या बायकांना घरदुरुस्तीच्या कामात सरकार आणि गाव यांच्यातला दुवा बनवलं. सिमेंट किती, खर्च किती, हप्ता कधी, हे त्या पाहू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा यांतल्याच बायका गुजरातला गेल्या. स्वतःचं घर पडलेलं पाहिलेली बाई दुसऱ्या राज्यातल्या बाईला सांगते, तेव्हा दुभाष्याचीही फार गरज पडत नाही. परदेशी तज्ज्ञाला विमानाचं तिकीट देणाऱ्या संस्थेने आधी मिरगावच्या किंवा भिलवडीच्या बाईला रेल्वेचं तिकीट द्यायचा विचार करावा. २०१६ मध्ये इस्तंबूलला झालेल्या जागतिक परिषदेत मोठ्या दात्यांनी २५ टक्के निधी २०२० पर्यंत शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांना देण्याचं ठरवलं होतं. ते गाठलं गेलं नाही. जिनिव्हात जे ठरतं ते सांगलीत उतरेलच, असं धरून चालू नये.

स्थानिक माणसांच्या हाती काम सोपवण्याची मुळं आपल्याकडे जुनी आहेत. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. त्यांनी इथल्या मुलांना डॉक्टरकी आणि परिचारिकेचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, म्हणून १९२८ मध्ये ते परतले तेव्हा रुग्णालय थांबलं नाही. मिरज पुढे वैद्यकीय उपचारांचं मोठं केंद्र झालं, त्यात या शिकवण्याचा वाटा मोठा आहे. प्रमुख होताना पहिल्याच वर्षी आपली जागा घेऊ शकतील अशी दोन माणसं हेरून ठेवावीत आणि निर्णय त्यांच्यासमोर घ्यावेत.

ज्याला इथून सुरुवात करायची आहे त्याने पदवीची वाट बघत बसू नये, पण अभ्यास मात्र करावा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाची शाखा आहे, त्याच संस्थेचं एक आवार तुळजापूरला आहे. पुण्याच्या यशदात आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण होतं. ‘स्फिअर’चं पुस्तक आंतरजालावर मोफत मिळतं. इंग्रजी कच्चं असेल तर त्याची लाज बाळगू नये. ते शिकता येतं. गावात जाऊन ऐकायची सवय मात्र उशिरा लागत नाही. दोन पावसाळे एखाद्या संस्थेत सामानाची नोंद ठेवायचं काम करावं. गोदामातली आवक-जावक लिहिताना मदत कुठे अडते, कुठे गळते, हे जितकं कळतं तितकं सभेत बसून कळत नाही. लेखा विभागातही काही महिने काढावेत. ज्याला स्वतःच्या संस्थेचा ताळेबंद वाचता येत नाही, त्याच्या हातात संस्था फार काळ राहत नाही.

काम संपल्यावर हिशोब कोणाला द्यायचा, हे शेवटचं. दात्याला अहवाल जातो, दिल्लीला विवरण जातं, धर्मादाय कार्यालयात लेखापरीक्षण जातं. पण ज्या गावात पैसा खर्च झाला, तिथे हिशोब जात नाही. सातबाऱ्याचं जसं चावडीवाचन होतं, तसं मदतीच्या खर्चाचं वाचन दिवाळीनंतर ग्रामसभेत करावं: किती रुपये आले, कोणाकडून, किती घरांना काय मिळालं, गाडीभाडं किती, पगार किती, शिल्लक किती. नावं आणि आकडे मोठ्याने वाचावेत, यादीची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ‘माझं नाव आहे पण मला ताडपत्री मिळाली नाही’ असं कुणी उठून म्हणालं, तर तिथेच वहीत लिहून घ्यावं, तारीख टाकावी, खाली प्रमुखाने सही करावी आणि पुढच्या ग्रामसभेच्या आत त्या घरी जाऊन यावं. दात्यांसाठीचा इंग्रजी अहवाल या वहीवरून तयार करावा आणि तिच्यातल्या तक्रारीही त्यात जशाच्या तशा घालाव्यात.